मोठा, पण शिकवायला सोपा कुत्रा: कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यात आमची हापूसची थोडी कलमं आहेत आणि गेली वीस-एक वर्षं घरात एक तरी मोठा कुत्रा आहे. गावात कुणी पिल्लू आणलं की आमच्याकडे विचारायला येतात, आणण्याआधी क्वचित, आणल्यावर नक्की. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदा लिहून काढले. मी पशुवैद्य नाही, तेव्हा औषधपाण्याचं शेवटचं डॉक्टरांना विचारा.

"शिकवायला सोपा" म्हणजे नक्की कसा?

सारखा माणसाच्या तोंडाकडे बघणारा. ज्या जाती माणसाच्या इशाऱ्यावर काम करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या गेल्या, त्यांना हे उपजत असतं. रिट्रीव्हर म्हणजे शिकाऱ्याने पाडलेला पक्षी न चावता आणून हातात देणारा, शेफर्ड म्हणजे मेंढपाळाचा हात बघून कळप वळवणारा. उलट आपल्याकडचे मुधोळ आणि कारवान हे डोळ्याने शिकार करणारे. ससा दिसला की मालकाला विचारायला थांबायचं नाही, सुटायचं, हेच त्यांचं काम. त्यांना अक्कल कमी नाही, पण ती तुमच्या हाकेला बांधलेली नाही.

आता यातली ग्यानबाची मेख. जो पटकन शिकतो तो नको तेही पटकन शिकतो. आमची लॅब्रॅडॉर चिंगी (नाव ठेवलं तेव्हा ती ओंजळीत मावत होती, पुढे ३० किलोची झाली) हिने पडवीच्या दाराची कडी नाकाने वर सारायची कला दोन दिवसांत कमावली. कुणी शिकवली नाही, आम्ही येता-जाता कडी काढतो ते तिने बघितलं. "सोपा" याचा अर्थ "आपोआप" असा घेऊ नका.

एकच जात सांगा.

लॅब्रॅडॉर. घरात सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर देणारं माणूस असेल तर. नसेल तर कुठलीच नाही.

लॅब्रॅडॉरच का? तो तर थंड मुलखातला ना?

थंड मुलखातला खरा, पण मुळात दर्यावर्दी लोकांचा. याचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलँड किनाऱ्यावर मच्छीमारांबरोबर असायचे. गळावरून सुटलेला मासा पकडायचा, जाळ्याची दोरी तोंडात धरून पोहत यायचं, ही त्यांची कामं. पुढे इंग्लंडात नेऊन त्यांची जात बांधली, आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने तिला मान्यता दिली. पाणी झटकून टाकणारी आखूड, दाट लव, बोटांमध्ये पडदा, सुकाणूसारखी जाड शेपटी हे सगळं तिथून आलेलं. नर साधारण २९ ते ३६ किलो, मादी २५ ते ३२.

दुसरं कारण पोटाचं. लॅब्रॅडॉर हावरट असतो हे प्रत्येक मालकाला ठाऊक आहे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी त्यामागचा एक जनुकीय बदल शोधला. तपासलेल्या लॅब्रॅडॉरांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात तो होता, आणि मदतनीस म्हणून तयार केलेल्या कुत्र्यांत त्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. म्हणजे ही हाव हेच शिकवण्याचं भांडवल. चण्याएवढ्या उकडलेल्या चिकनच्या तुकड्यासाठी तो दहा वेळा बसेल, दहा वेळा उठेल. त्याच हावेने चार वर्षांत पिंपही होतो, ते आपण बघायचं.

गोल्डन रिट्रीव्हर?

स्वभावाने लॅब्रॅडॉरपेक्षाही मऊ. लहान मुलांच्या घरात याच्याइतका चांगला कुत्रा नाही. जात स्कॉटलंडची, पहिली वेत १८६८ची. पण हा लांब केसांचा प्राणी आहे आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर पंचेसुद्धा वाळत नाहीत. केसांच्या मुळाशी ओल राहिली की कातडी लाल होते, वास मारते, कुत्रा खाजवून खाजवून जखम करतो. रोज विंचरायची आणि पंख्याखाली पार आतपर्यंत सुकवायची तयारी असेल तरच घ्या. आणि उन्हाळ्यात "गरम होतं बिचाऱ्याला" म्हणून त्याची हजामत करू नका. ती लव उन्हापासूनही वाचवते.

जर्मन शेफर्ड राखणीला चांगला ना?

गावातली जुनी माणसं याला अजून अल्सेशियन म्हणतात. १८९९ मध्ये जर्मनीत माक्स फॉन श्टेफानिट्झ नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने ही जात नोंदवली ती मेंढरांसाठी. पोलीस आणि सैन्य त्याच्या मागे नंतर लागलं. शिकण्यात याचा हात धरणारे थोडेच.

पण त्याला काम लागतं. काम दिलं नाही तर तो स्वतः शोधतो: पोस्टमनवर भुंकणं, बागेतल्या गड्याला गडग्यापलीकडे थोपवणं, दुचाकीचा पाठलाग. घरी होमस्टे चालवत असाल, दर शनिवारी नवी माणसं अंगणात उतरत असतील, तर पिल्लू तीन महिन्यांचं व्हायच्या आत त्याला शंभर माणसं दाखवा: छत्रीवाला, हेल्मेटवाला, दाढीवाला, डोक्यावर माशांची पाटी घेतलेली बाई. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे बघितलं ते त्याच्या लेखी "नेहमीचं", त्यानंतरचं सगळं "संशयास्पद".

घेताना आई-बापाच्या खुब्यांचा एक्स-रे मागा. मोठ्या जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष वंशातून येतो आणि शेफर्डमध्ये फार दिसतो.

डॉबरमन, रॉटवायलर?

डॉबरमन ही जर्मनीतल्या अपोल्डा गावच्या एका करवसुली करणाऱ्याची निर्मिती, हे कळलं की त्याचा स्वभाव कळतो. फार लवकर शिकतो, अंगावर केस आखूड म्हणून पावसात सोयीचा. पण माणसाला चिकटून राहणारा आहे, बाहेर मांगरात (बागेतल्या खोपटात) बांधून ठेवलात तर वेडापिसा होईल. रॉटवायलरही शिकतो, पण पहिला कुत्रा म्हणून नको. केंद्राच्या मार्च २०२४च्या "हिंस्र जातीं"च्या यादीत त्याचं नाव होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक एप्रिलमध्ये रद्द केलं, तरी शेजाऱ्यांच्या मनातली यादी रद्द होत नाही.

हस्की? सेंट बर्नार्ड?

नाही. एसी लावून ठेवणार असलात तरी नाही.

गावठी कुत्रा या यादीत का नाही?

आकाराने तो मध्यम म्हणून. एरवी ऊन, पाऊस, गोचीड, वाडीचं राजकारण या सगळ्यात तोच टिकतो. आमचा काळू गावठीच. चिंगी दहा मिनिटांत शिकायची ते त्याला आठवडा लागला, कारण प्रत्येक वेळी "यात माझा काय फायदा" हे तो तपासून बघायचा. पण एकदा शिकला की शिकला. दोन महिन्यांच्या वयापासून घरात घेतलात तर गावठी सुरेख तयार होतो. उंबऱ्याबाहेर भाकरी टाकून तयार होत नाही.

शिकवायचं कुठल्या भाषेत?

कुठल्याही, पण एकाच. आमच्याकडे मुलगा म्हणायचा "सिट", मी "बस", आणि सासूबाई जेवण आटपलं की स्वतःशीच म्हणायच्या, "बस झाला आता." ते ऐकून चिंगी टुणकन बसायची आणि खाऊसाठी तोंड वर करायची. दिला नाही की रुसायची. शेवटी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून पाच शब्द ठरवले आणि ते खडूने स्वयंपाकघराच्या दारावर लिहिले: "खाली", "थांब", "इकडे", "सोड", "जाग्यावर". "बस" काढूनच टाकला, तो शब्द मराठी घरात दिवसातून पन्नास वेळा पडतो. "ये"चंही तेच. ज्याला त्याला "ये रे, ये गो" चालू असतं, मग हाकेला किंमत राहत नाही.

नाव घेऊन रागवू नका. नाव ऐकलं की काहीतरी चांगलं होतं, एवढंच त्याला माहीत असावं.

रोज किती वेळ, आणि सुरुवात कशी?

पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, जेवणाआधी. सलग अर्धा तास शिकवलं तर दोघेही कंटाळतात.

"खाली" असं शिकवा: खाऊचा तुकडा चिमटीत धरा, नाकासमोर आणा, आणि हात हळूच त्याच्या डोक्यावरून मागे न्या. नाक वर गेलं की ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी "शाब्बास" आणि तुकडा तोंडात. क्षण म्हणजे क्षण. खिशात हात घालून पुडी सोडेपर्यंत तो उठलेला असतो, आणि मग बक्षीस उठण्याचं होतं. ढुंगण दाबून बसवू नका. पंधरा-वीस वेळा नीट झालं की मग शब्द जोडा. आधी शब्दाचा मारा करणारे लोक त्याला फक्त दुर्लक्ष करायला शिकवतात.

"सोड" आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्यावर महिना घालवा. मुठीत सुका बांगडा धरायचा. कुत्रा हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. मूठ उघडायची नाही, बोलायचंही नाही. ज्या क्षणी तो तोंड मागे घेईल त्या क्षणी दुसऱ्या हातातून चिकन. (सुकं मासळ त्याला खायला द्यायचं नाही, मीठ फार असतं. ते नुसतं आमिष.) मग मूठ उघडी, मग बांगडा जमिनीवर, मग अंगणात, मग किनाऱ्यावर. आमच्याकडे हा शब्द खरा कामाला आला तो एका सकाळी, पुळणीवर ओढलेल्या जाळ्यातून फेकलेल्या केंड माशाजवळ. फुग्यासारखा फुगणारा हा मासा विषारी असतो, कुत्र्याने खाल्ला तर प्राणावर बेततं. चिंगीचं तोंड त्याच्यापासून वीतभर होतं. मी "सोड" म्हटलं, ती मागे वळली. पायातलं बळ गेलं म्हणून मी तिथेच वाळूत बसले, आणि ती माझा खिसा हुंगत होती.

सहा महिन्यांनंतर एक दिवस येतो, जेव्हा त्याला काहीच आठवत नाही. हाक मारली तर मान फिरवतो. घाबरू नका, वयात आलाय. दीड वर्षापर्यंत हे चालतं. पहिल्या इयत्तेपासून पुन्हा सुरू करा. मार देऊन काही साधत नाही, ३० किलोचा घाबरलेला कुत्रा घरात तयार होतो एवढंच.

बागेतली माकडं हाकलेल का?

पहिले चार दिवस. मग माकडांना कळतं की हा झाडावर चढत नाही. त्यानंतर ती फांदीवरून आंबा खातात आणि कोय त्याच्या अंगावर टाकतात. एकट्या कुत्र्याला टोळीने घेरून फाडल्याचंही आमच्या वाडीत झालंय. भुंकून माणसाला जागं करायचं एवढंच काम त्याला द्या. माकडांसाठी सुतळी बाँब लावत असाल तर पिल्लाला त्या वेळी घरात, दार लावून ठेवा. एकदा त्या आवाजाची भीती बसली की पावसाळ्यातल्या गडगडाटालाही तो कपाटाखाली घुसतो.

आणि हो, कोय. लॅब्रॅडॉर अख्खी गिळतो. आतड्यात अडकली तर पोट फाडून काढावी लागते. मे महिन्यात "सोड"ची उजळणी करा.

रात्री अंगणात बांधला तर राखण होईल ना?

बिबट्याचं जेवण होईल. साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे ताटात वाढलेलं. शेफर्ड असो की रॉटवायलर, बिबट्यापुढे टिकत नाही. अंधार पडला की आत, निदान जाळीबंद पडवीत. आतून भुंकला तरी चोराला पुरेसं ऐकू जातं. शिवाय कायमचं बांधून ठेवून कुत्र्याला फिरवायलाही न नेणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

सापांचंही बघा. फुरसं चिऱ्याच्या फटीत बसतं आणि कुत्रा नाक घालतो. चावलं तर मांत्रिक, आवळपट्टी, लिंबू-मिरची यात वेळ घालवू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि दवाखाना गाठा. तालुक्याच्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आहे का, हे चौकशी करून आजच माहीत करून घ्या.

समुद्रावर मोकळा सोडला तर चालेल?

हाकेला शंभरातून शंभर वेळा येत असेल तर. तोपर्यंत दहा मीटरची दोरी. साडेसातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर न्या. वाळूवर तुमचा तळहात दहा सेकंद ठरत नसेल तर त्याचा पंजाही ठरत नाही. खारं पाणी प्यायला की उलट्या-जुलाब होतात, म्हणून गोडं पाणी बरोबर ठेवा, आणि घरी आल्यावर बावीच्या पाण्याने धुवून कान कोरडे करा. लॅब्रॅडॉरचे कान लोंबते, आत ओल राहिली की पू होतो. जून ते ऑगस्ट पाण्यात नाहीच. ज्या दर्यात आपल्या होड्या जात नाहीत तिथे त्याचं पोहणं काय कामाचं?

थंडीत कासवांच्या विणीचे किनारे टाळा: वेळास, आंजर्ले, गुहागर आणि इतरही. ऑलिव्ह रिडलेची अंडी वाळूत फूट-दीड फूट खाली असतात, आणि चांगल्या नाकाच्या कुत्र्याला ती काढायला पाच मिनिटं लागत नाहीत.

उन्हाने धापा टाकायला लागला तर?

कुत्र्याचं साधारण तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं. ते चाळीसपुढे गेलं की धोका. आपल्याकडची हवा दमट, त्यामुळे नुसतं धापा टाकून तो निवत नाही. सावलीत घ्या, साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे.

पावसाळ्यात काय करायचं?

पडवीत शिकवणी. भिजून आलेला कुत्रा आणि चार महिन्यांचा कंटाळा यावर दुसरा उपाय नाही. वाटीखाली खाऊ लपवून शोधायला लावा. पंधरा मिनिटं नाक चालवलं की मैलभर पळाल्यासारखा दमतो.

लसी चुकवू नका. सहा-आठ आठवड्यांपासून पहिल्या, तीन महिन्यांना रेबीज, आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) दर वर्षी. भातखाचरातल्या पाण्यात उंदराचं मूत असतं, आपल्याला लेप्टो होतो तसाच कुत्र्यालाही होतो. गोचिडांसाठी डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा औषध नेमाने द्या, गोचिडांच्या तापाने मोठमोठे कुत्रे आठवड्यात आडवे झालेले बघितलेत. दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाचा प्रश्न आहे. तोही गोचिडांतूनच पसरतो, त्यामुळे तिथल्या रानात कुत्रा फिरवणं टाळलेलं बरं.

खायला काय? पेज चालते का?

चालते, पण नुसत्या पेजेवर मोठं हाड बनत नाही. भात, उकडलेली अंडी, चिकन, काटे काढलेले मासे. तारल्या-बांगड्याचं डोकं शिजवून कुस्करून, काटा हाताने चाचपून. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट नाही, म्हणजे वाटणाची आमटीही नाही. दिवसातून दोनदा विभागून द्या आणि जेवल्यावर तासभर पळवू नका. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो, आणि तेव्हा हातात थोडे तास असतात.

पिल्लू किती दिवसांचं आणायचं?

आठ आठवडे पूर्ण झालेलं. त्याआधी विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे. आई बघितल्याशिवाय घेऊ नका. "आई आत झोपलीय" म्हणणाऱ्याकडून तर मुळीच नाही.

मुंबईहून गावी कसा न्यायचा?

रेल्वेने न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी, नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. ती लोखंडी पेटी आणि रात्रभराचा प्रवास, मी तरी घालणार नाही. गाडीने या, दर दोन-तीन तासांनी थांबा, निघताना पोट हलकं ठेवा. गणपतीत आरती, झांजा आणि पंचवीस पाहुणे असताना त्याला मागच्या खोलीत "जाग्यावर" ठेवा. हे आधी महिनाभर शिकवलेलं असलं पाहिजे, चतुर्थीच्या सकाळी नाही.

आम्ही मुंबईत, आई-बाबा गावी एकटे. सोबतीला आणि राखणीला एखादा मोठा कुत्रा द्यावा म्हणतो. कुठला सोपा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. मे महिन्यात मुलगा शेफर्डचं पिल्लू घेऊन येतो, पंधरा दिवस फोटो काढतो, आणि जूनमध्ये परत जातो. सत्तरीच्या आईच्या हातात उरतो तो सहा महिन्यांत २५ किलोचा होणारा, दोरीला हिसका देणारा, शिकायला आसुसलेला प्राणी. तिच्या गुडघ्यांना घाट चढवत नाही, ती त्याला काय फिरवणार? मग तो बांधला जातो. बांधला की भुंकतो, भुंकला की वाडी बोलते. आमच्या ओळखीच्या एका घरी पडवीत निसरड्यावर कुत्र्याने ओढलं आणि माऊलीचं मनगट मोडलं. कुत्र्याची चूक नव्हती. तो फक्त मांजराकडे निघाला होता.

आई-बाबांना खरंच हवा आहे का, हे आधी त्यांना विचारा. हवा असेल तर चार-पाच वर्षांचा, शिकलेला, शांत झालेला लॅब्रॅडॉर किंवा गावठी शोधा. शहरात असे कुत्रे लोक सोडून देत असतात. सकाळी फिरवायला वाडीतल्या एखाद्या पोराला महिन्याचे पैसे लावा. आणि पहिला महिना स्वतः सुट्टी काढून घरी राहा. तेवढी सुट्टी मिळत नसेल तर गेटला चांगली कडी आणि दिवा लावून द्या.

मोठा झालेला कुत्रा शिकतो का?

शिकतो. चिंगी नऊ वर्षांची असताना सासूबाईंना कमी ऐकू यायला लागलं. दारावर कुणी आलं की त्यांच्या पायाला नाक लावायचं, हे तिने तीन आठवड्यांत उचललं. कडी उघडायची मात्र शेवटपर्यंत विसरली नाही. आम्हीच कडी बदलून खाली सरकणारी बसवली.